रंग-भावनांचा डबा: लाकूड एक नंबर, पण निळा म्हणजे उदास हे आमच्या पोट्ट्यांना काही पटलं नाही

1149 रुपये गेले, तेही माझ्या मानधनातून, हे आधीच सांगते म्हणजे पुढची कुरकुर समजून घ्याल. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका लहान गावात मी अंगणवाडी सेविका आहे, 16 वर्षं झाली, पटावर 3 ते 6 वयाचे 23 पोट्टे अन रोज येणारे सतरा-अठरा. ट्रेनिंगमधे भावनिक विकास, भावनिक विकास ऐकून कान किटले, पण पोरांच्या हातात द्यायला काही नसतं, तक्ते मिळतात ते भिंतीवर. त्यात यंदा एक पोट्टा असा आला की राग आला की सरळ चावतो. तोंडानं काही सांगत नाही, चावतो. आमच्या मदतनीस मावशीच्या दंडावर अजून त्याचे दात आहेत. तेव्हा रात्री मोबाईल पाहता पाहता ही जाहिरात दिसली, रंगांमधून मुलांना भावना शिकवा, लाकडी खेळणं, वय 3 ते 7, अन मी दाबलं बटण.

साडेतीन स्टार देते. पाच काऊन नाही ते सांगते.

कुरिअर गावात येत नाही हे नेहमीचंच. डबा दारव्ह्याला मोबाईलच्या दुकानात आठ दिवस पडून होता, शेवटी भाचा एसटीनं गेला अन घेऊन आला. उघडला तर 9 रंगाच्या चकत्या लिहिलेल्या, निघाल्या 8. पांढरी नव्हतीच. फोन केला तर तिकडून पोरगा म्हणे, सर, तुमच्या पिनकोडला पिकअप अव्हेलेबल नाही. मी बाई आहे हे दोनदा सांगितलं तरी सर. मग 50 रुपयाचं कूपन पाठवलं, पुढच्या खरेदीवर, ती पण 500 च्या वरची पाहिजे. जाऊ द्या.

वस्तू मात्र खरंच चांगली आहे, तिथं खोटं बोलणार नाही. चकत्या तळहातात मावतील एवढ्या, कडा घासून गोल केलेल्या, रंग असा पक्का की त्या चावऱ्या पोट्ट्यानं लाल चकती तीन दिवस चघळली तरी जिभेला काही लागलं नाही. बॉक्सवर आयएसआयचा मार्क आहे का ते मी आधी फोटोत झूम करून पाहिलं होतं, 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या पोरांच्या खेळण्यांना तो लागतोच, तरी बाजारात बिनमार्काचं किती विकून राहिले ते तुम्हाला माहीत आहे. सोबत एक कापडी पट्टा येतो, त्याला खिसे, प्रत्येक खिशावर पोराचा फोटो लावायचा अन सकाळी आल्यावर पोरानं आपल्या खिशात आजच्या मनाच्या रंगाची चकती टाकायची. आयडिया मस्त. पण खिसे 12. पोरं 18, चकत्या 8. म्हणजे एकाच वेळी दोघं जण खुश असले तर काय करायचं ते लिहिलेलं नाही. मी जुन्या लग्नपत्रिका कापून रंगवून जास्तीच्या चकत्या केल्या अन पट्ट्याला माझ्या जुन्या परकराच्या कापडाचे आणखी आठ खिसे शिवले.

आरसा आहे एक, प्लास्टिकचा, न फुटणारा. माझ्या मते अख्ख्या डब्यात सगळ्यात कामाची चीज हीच. रागाचं तोंड करून दाखव म्हटलं की एकेक असं तोंड करतो की मावशीला पातेलं खाली ठेवून हसावं लागते. घरी पोरांच्या हाती आरसा कोणी देत नाही, भिंतीवर उंच असतो, त्यामुळे कितीक पोट्ट्यांनी आपलं रडतानाचं तोंड पहिल्यांदा इथं पाहिलं, अन एक तर रडता रडता आरसा पाहून रडायचंच विसरला. पंधरा दिवसात ओरखडे पडून धुकट झाला ही तक्रार आहे.

चेहऱ्यांची 32 कार्डं आहेत. सगळे पोरं गोरे, भुऱ्या केसाचे, एकानं बर्फातली लोकरी टोपी घातलेली अन तो म्हणे 'उदास'. आमच्या पोट्ट्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "ताई, हा भुरा काऊन हाय? याले उन्हात नाई जाऊ देत का?" दुसऱ्यानं सांगितलं की त्याला थंडी वाजून राहिली, उदास बिदास काही नाही. बरोबर होतं त्याचं.

आता मुख्य गोष्ट, ती मराठी पत्रिका. डब्यावर मोठ्या अक्षरात मराठीतही उपलब्ध असं लिहिलं म्हणून तर मी घेतला होता. आत एक घडीचा कागद, त्यावर पहिलंच वाक्य, जसंच्या तसं देते: "आज मला निळे वाटत आहे." मी दोनदा वाचलं. मावशीला वाचून दाखवलं तर ती म्हणे, काय चावलं बाप्पा त्याले, साप का? इंग्रजीत उदास असण्याला निळं म्हणतात हे मला पण माझ्या भावानं सांगितलं तेव्हा कळलं, तो जुनियर कॉलेजात मराठी शिकवतो. मशीननं भाषांतर केलं अन छापून टाकलं, एका मराठी माणसाला वाचायला द्यायचं कष्ट नाही घेतले. आपल्याकडं माणूस रागानं लाल होतो, भीतीनं पांढराफटक पडतो, दुःखानं चेहरा काळवंडतो, आजारानं पिवळा पडतो. निळा कधी पडतो? विष चढल्यावर.

तर पहिल्या दिवशी मी पत्रिकेप्रमाणंच गेले, हो, प्रामाणिकपणे. निळी चकती वर धरली अन म्हटलं, हा रंग उदासीचा. मागून एक पाच वर्षाची पोट्टी उभी राहिली, "नाई ताई, निळा तं जयभीमचा." झालं. मग तिच्या बाजूचे तिघं सुरू झाले, 14 एप्रिलला निळे झेंडे लागतात, निळा फेटा आजोबाले असते, डीजे येते, खीर भेटते. ह्या पोट्टीचं घर दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाते, 1956 ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली तेव्हा तिचा पणजोबा बैलबंडी जुंपून गेला होता हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तिच्यासाठी घरातला सगळ्यात मोठ्या सणाचा रंग तो, अन मी तिला सांगून राहिली की हा रडायचा रंग आहे. मला खरंच कसंतरी झालं. मी चकती खाली ठेवली अन म्हटलं बरं, तूच सांग.

तिथून मग सगळं उलटं झालं. मी पत्रिका घडी करून पोषण आहाराच्या रजिस्टरात ठेवून दिली अन एकेक चकती पोरांपुढं ठेवून फक्त विचारत गेले, हा पाहून काय आठवते. बस एवढंच.

काळी. पत्रिकेत काळा म्हणजे भीती. आमच्याकडं जूनचा पहिला आठवडा होता, सगळं गाव मान वर करून बसलेलं, अन दोन पोट्टे एकदम म्हणाले ढग. ढग आले की बाबा हसते. एकानं आपला पाय दाखवला, चिखल वाळून काळा झालेला, म्हणे वावर. एकीला तिच्या लहान भावाच्या गालावरची तीट आठवली. संक्रांतीला काळी साडी, बोरन्हाणाला काळं झबलं अन वर पांढरे हलव्याचे दागिने, हे तर सगळ्या घरात. भीती म्हटली एकानंच, तोही म्हणाला की लाईन गेल्यावर, अन लाईन गेल्यावर आजी गोष्ट सांगते म्हणून तेवढी पण नाही.

पिवळी. आनंद म्हणे. हळद, झेंडू, लग्न, तिथपर्यंत ठीक. पण एकजण म्हणाला मारबत. नागपूरची काळी अन पिवळी मारबत म्हणजे मोठाले पुतळे, 19 व्या शतकापासून तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मिरवणूक निघते अन नंतर जाळतात, रोगराई घेऊन जाय गे मारबत म्हणून, तो मामाकडं गेला होता तेव्हा खांद्यावरून पाहिली, तो एवढा भ्याला की अजून पिवळ्या साडीतल्या बाईच्या जवळ जात नाही. अन दुसऱ्याचं उत्तर होतं सोयाबीन. पिवळा मोझॅक रोग आला होता मागच्या साली, पानं पिवळी पडली, बाबा जेवले नाही.

गुलाबी. प्रेम. पत्रिकेत गुलाबी चकतीवर बदाम काढलेला आहे. चावरा पोट्टा, जो तोपर्यंत एक शब्द बोलला नव्हता, ती चकती हातात घेऊन म्हणाला, "अळी." मला आधी समजलंच नाही. मग त्यानं दोन्ही हातानं काहीतरी मोडून दाखवलं, मधोमध चिरल्यासारखं, अन आत डोकावून पाहिल्यासारखं केलं, अन मग बापाचा आवाज काढून एक शिवी दिली. बोंडअळी. कपाशीवरची गुलाबी बोंडअळी. 2017 ला तिनं इकडं काय केलं ते विदर्भातल्या कोणाला सांगायला नको, तेव्हा ह्या पोराचा जन्म पण नव्हता, पण त्याचा बाप दर हंगामात हिरवं बोंड तोडतो, चिरतो अन आत पाहतो, अन आत काय निघालं त्यावर त्या दिवशी घरात कोण बोलणार अन कोण गप बसणार ते ठरते. ह्या पोराला गुलाबी म्हणजे प्रेम असं मी कोणत्या तोंडानं शिकवू?

रात्री भावाला फोन केला, म्हटलं मी चुकून राहिली का. तो म्हणे चुकून नाही राहिली, लोकांनी ह्यावर अभ्यास केलेले आहेत. 2020 मधे छापून आलेल्या एका अभ्यासात 30 देशांतल्या 4598 लोकांना कोणता रंग म्हणजे कोणती भावना असं विचारलं होतं. त्यात बरंचसं सगळीकडं जुळलं, लाल म्हणजे राग अन प्रेम दोन्ही हे पुष्कळ ठिकाणी निघालं, पण प्रत्येक देशाचं आपलं वेगळंही निघालं, अन जे देश भाषेनं अन नकाशात जवळ त्यांचं जास्त जुळलं. त्याच्या आदल्या वर्षीचा एक होता 55 देशांचा, नुसता पिवळ्या रंगावर. त्यात असं निघालं की जिथं थंडी, पाऊस जास्त तिथं पिवळा म्हणजे आनंद जास्त लोक म्हणतात, जिथं ऊन जास्त तिथं कमी. मला हसूच आलं. मे महिन्यात इकडं पारा 45 च्या वर जातो, दुपारी कुत्रं पण सावली सोडत नाही, पिवळा आनंद मागायला आमच्याकडं या म्हणावं.

अन भाऊ मराठीचा मास्तर, तो तिथंच थांबतो का, भरतमुनीपर्यंत गेला. नाट्यशास्त्रात म्हणे प्रत्येक रसाला रंग दिला आहे, रौद्र लाल, भयानक काळा, हास्य पांढरा, अद्भुत पिवळा, बीभत्स निळा, अन करुण रस कपोत म्हणजे पारव्याचा रंग. पारव्याचा! हे मला एकदम पटलं. कोणाच्या घरी मयत झाल्यावर दुपारी ओट्यावर बसलं की पारवे घुमत असतात, तो आवाज अन तो रंग. उदासीची चकती करायची तर करडी करा, असं मी कंपनीला कळवलं आहे, उत्तर आलं नाही.

म्हणजे डबा फेकून द्यावा का? नाही हो. उलट रोज वापरून राहिली मी. फक्त चकत्यांच्या मागं चिकटवलेले भावनांच्या नावाचे स्टिकर गरम पाण्यात भिजवून काढून टाकले. घेणाऱ्यांना सांगते, पहिलं काम हे करा. स्टिकर सहज निघतात, डिंक थोडा राहतो तो खोबरेल तेलानं जातो.

एक भावना डब्यात नाहीच अन ती नाही म्हणून मला आश्चर्य वाटलं, रुसवा. लहान पोरांच्या दिवसातला अर्धा वेळ तर रुसण्यात जातो. राग वेगळा, दुःख वेगळं, रुसणं वेगळं. रुसलेलं पोट्टं चावत नाही अन रडत पण नाही, ते गाल फुगवून कोपऱ्यात बसते अन तिरक्या डोळ्यानं पाहत राहते की आपल्याला मनवायला कोणी येते का. ज्यांनी डबा बनवला त्यांच्या भाषेत ह्याला शब्द नसेल बहुतेक. तर झालं असं, चकत्या वाटताना सगळ्यांनी आपापल्या उचलल्या अन नारंगी कोणीच घेतली नाही, ती एकटी चटईवर पडून राहिली. साडेतीन वर्षाची सगळ्यात लहानी पोट्टी तिच्याकडं पाहून म्हणे, "ताई, ते रुसलं." तेव्हापासून नारंगी म्हणजे रुसवा. आता कोणी नारंगी टाकली की बाकीचे धावत जाऊन मनवतात. त्यामुळे नारंगीला फार मागणी आहे अन खोटं रुसणारे वाढले हा साईड इफेक्ट.

पट्ट्याची एक गंमत सांगते, गंमत म्हणा नाहीतर माझी चूक म्हणा. पहिले पंधरा दिवस रोज सकाळी पट्टा पिवळाधमक. सगळे खुश. मला वाटलं वा, काय अंगणवाडी चालवून राहिली मी. मग लक्षात आलं की कोणी पिवळी टाकली की मी अरे वा म्हणते, टाळी देते, अन दुसरी टाकली की काय झालं बेटा, काऊन, असं डोक्यावर हात ठेवून विचारत बसते. पोरं लहान असतात, येडे नसतात. ताईला काय आवडते ते त्यांनी दोन दिवसात ओळखलं. मी अरे वा बंद केलं. कोणतीही चकती टाकली तरी एकच वाक्य, बरं, बस. तिसऱ्या दिवशी एक पोट्टी, जी पहिल्या दिवसापासून पिवळीशिवाय दुसरं काही टाकत नव्हती, ती पिवळी हातात घेऊन पट्ट्यापुढं उभी राहिली, मग परत गेली, पिवळी ठेवली अन दुसरं काही न घेता रिकाम्या हातानं येऊन आपला खिसा उलटा करून ठेवला. मी म्हटलं बरं, बस. खिचडी वाढताना तिनं मावशीला सांगितलं की आई मामाच्या गावाला गेली, कालपासून, भांडण झालं. मला नाही सांगितलं, मावशीला सांगितलं. पत्रिकेत उलट्या खिशाबद्दल काही लिहिलेलं नाही.

पत्रिकेत एक गोष्ट तर मला धोक्याची वाटली. लिहिलं आहे की मूल सारखं काळ्या रंगानं चित्र काढत असेल तर ते दुःखी आहे असं समजा. असं काही समजू नका बापा. आमच्याकडं एक पोट्टा आठवडाभर नुसता काळ्यानं काढून राहिला होता, घर काळं, गाय काळी, सूर्य काळा. त्याच्या आईला हे वाचून दाखवलं असतं तर ती बिचारी भगताकडं गेली असती. मी विचारलं, काळाच काऊन रे? तो म्हणे, "बाकीचे तुटले." खडूच्या डब्यात काळाच तेवढा लांब उरला होता. पोराला विचारा हो, चित्राला काय विचारता.

आणखी एक, हे मात्र खरंच कामाचं. ह्या चकत्यांमुळे लक्षात आलं की एक पोट्टा लाल अन हिरवी सारखी उलटसुलट करते. आधी मला वाटलं मस्ती करते. मग लक्षात आलं की त्याला दोन्ही एकसारख्याच दिसत असतील, पोरींपेक्षा पोरांमधे हे जास्त असते. त्याचं नाव मी लिहून ठेवलं आहे, आरबीएसकेचे, म्हणजे पोरांच्या तपासणीच्या सरकारी योजनेचे डॉक्टर वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात तेव्हा दाखवीन. तोपर्यंत त्याच्या लाल चकतीला मी खिळ्यानं एक भोक पाडलं. कंपनीनं चकत्यांवर नुसता रंग न देता काही खुणा पण दिल्या असत्या, रेघ, ठिपका, तर त्या पोराला चार महिने येडं ठरावं लागलं नसतं.

आता डब्याच्या बाहेरचं, पण डब्यामुळेच सुचलं म्हणून लिहिते. लाल कुठून आला असं एकानं विचारलं. म्हणजे सकाळी मी चांगला होतो, मग राग आला, तर पिवळा कुठं गेला अन लाल कुठून आला. कार्डात ह्याचं उत्तर नाही, कार्डात राग हे एक कार्ड अन आनंद हे दुसरं कार्ड, मधे काही होतच नाही. मी डोकं खाजवत घरी गेले अन रात्री धुणं भिजवताना साडीवरच्या वरणाच्या डागाला साबण लावला अन डाग लालभडक झाला, तसा तर तो आयुष्यभर होऊन राहिला आहे. दुसऱ्या दिवशी जुन्या धोतराचे रुमालाएवढे तुकडे हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवून नेले. प्रत्येक पोराला एक पिवळा तुकडा. हा तू, सकाळचा. मग कपड्याच्या साबणाचं पाणी वाटीत, त्यात बोट बुडवायचं अन तुकड्यावर टेकवायचं. जिथं बोट लागलं तिथं लाल! एकदम शांतता झाली खोलीत, जी आमच्याकडं फक्त झोपेत असते. मग एकेकजण सांगत गेला अन बोट टेकवत गेला, दादानं सायकल नाही दिली, टप, लाल. आईनं मारलं, टप. कोंबडीनं चोच मारली, टप. थोड्या वेळात तुकडे लालबुंद.

मग लिंबू पिळलं. थेंब पडला तिथं परत पिवळा. भाऊ म्हणतो ते साबण अल्कली अन लिंबू आम्ल, हळद दोघांनाही ओळखते, दहावीच्या पुस्तकात आहे. असेल. पोट्टे ओरडले, "राग गेला! ताई, राग गेला!" अन मी म्हटलं आता सांगा, तुमच्या रागाचं लिंबू कोणतं. पाणी पेते मी. आजीजवळ जाऊन बसतो. वगारीच्या गळ्यात पडतो. झाडावर चढतो. असं एकेक आलं. चावऱ्यानं आपला तुकडा लिंबाच्या पाण्यात अख्खा बुडवला अन पिळला अन पुन्हा बुडवला. मग म्हणे, "माह्या बाबाचा लिंबानं नाई जात." मी काही बोलले नाही, काय बोलणार, मावशीनं त्याच्या पानात जास्तीची खिचडी वाढली. पण त्या आठवड्यापासून चावणं कमी झालं आहे, बंद नाही, कमी. आता राग आला की तो धावत येऊन लाल चकती माझ्या मांडीवर आपटतो, जोरात आपटतो, लागते, पण दातापेक्षा बरी.

साबणाचं पाणी डोळ्यात जाऊ देऊ नका अन चुना वापरू नका, चुन्यानं रंग जास्त लाल येतो म्हणून माझी पण इच्छा झाली होती पण पोरांचे हात डोळ्यात जातातच. फागुनात पळस फुलला की फुलं गरम पाण्यात भिजवून केशरी पण करणार आहे, इकडं बांधावर फुकट आहे, 1149 लागत नाही.

घ्यावा का नाही, तर शहरात एकदोन पोरं असलेल्या घरी घेणार असाल तर घ्या, लाकूड टिकेल, आरसा चालेल. अंगणवाडीसाठी घेत असाल तर आमच्यासारख्या 18 पोरांना हा पुरत नाही, सुताराकडून चकत्या कापून घेतल्या अन बाजारातून आरसा आणला तर अर्ध्यात काम होते, फक्त रंग कोणता लावला ते पाहून घ्या, चघळतात. मराठी पत्रिका वाचू नका. सुपरवायझर मॅडम आल्या होत्या त्यांनी पट्ट्याचे फोटो काढले, छान उपक्रम म्हणाल्या, बिल मिळेल का विचारलं तर हसल्या.

अन हो, पांढरी चकती. ती नव्हतीच म्हणून पोरांनी आपली बनवली होती, पुठ्ठा गोल कापून त्यावर कापूस चिकटवला, मावशीच्या घरचा, सरकी काढलेला. पांढरा म्हणजे काय यावर बराच वाद झाला. घरात कापूस भरला की त्याच्या ढिगावर उड्या मारायच्या, तो आनंद, असं अर्ध्यांचं म्हणणं, अन नंतर अंगाला खाज सुटते म्हणून आई मारते असं बाकीच्यांचं. शेवटी ती चकती घेऊन जो तो गालाला लावून बसायला लागला अन ती झोपेची झाली, आपोआप. ज्याला झोप आली तो ती टाकतो. दोन महिन्यांनी कंपनीकडून पाकीट आलं, त्यात अस्सल लाकडी पांढरी चकती, माफीच्या चिठ्ठीसकट, चिठ्ठीत पण सर. मी कौतुकानं पोरांपुढं ठेवली. लहानीनं ती उचलली, गालाला लावली, तोंड वाकडं केलं अन परत दिली. सध्या ती मावशीच्या मिठाच्या बरणीवर झाकण म्हणून आहे, बसते बरोबर.